सात नंबरचा ताप

लेकीला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरात रवाना करून सिस्टरबाई घरी परतल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आता घरात आपण आणि जावई असे दोघंच उरलो आहोत आणि दोघांकडे मिळून बोलायला एकही विषय नाही.

माणूस वाईट नव्हता. उलट इतका सज्जन, की त्याच्याशी भांडायचीही सोय नव्हती. जेवण कसं झालंय विचारलं तर "छान". मीठ दुप्पट पडलं तरी "छान". लग्नाला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्याने सासूबाईंना एकदाही हाक मारली नव्हती. 'आई' म्हणायला जीभ वळत नव्हती, 'मावशी' म्हटलं असतं तर बायको रागावली असती, आणि 'सिस्टरबाई' तर अख्खी गल्ली म्हणायची. मग काही सांगायचं असलं, की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन खोकायचा. सिस्टरबाईंची चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून गेलेली. पहिले दोन महिने त्यांना वाटत होतं, याच्या छातीतच काहीतरी आहे.

त्याचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून लग्नानंतर ही जोडी इथेच राहिली होती. शेजारीण त्याला तोंडावर 'घरजावई' म्हणून चिडवायची. तो तेवढ्यापुरता हसायचा आणि जिना उतरायचा. सिस्टरबाई त्याला रीतसर 'जावईबापू' म्हणायच्या. घाईगर्दीत त्याचं नुसतं 'बापू' झालं होतं, पण 'अहो जाहो' मात्र सुटलं नव्हतं.

शहराच्या मधोमध वाहणारी नदी पुन्हा धडधाकट करायची एक योजना निघाली होती आणि बापू त्या विभागात तंत्रज्ञ होता. त्याचं काम म्हणजे नदीच्या पाण्याचं तापमान मोजणं. काडेपेटीएवढी अकरा यंत्रं होती. त्यांना ऑफिसात लॉगर म्हणायचे. भोकं पाडलेल्या पांढऱ्या पाइपात घालून, लोखंडी गजाला बांधून ती नदीच्या तळाशी ठेवली होती. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक यंत्र आपल्या जागचं तापमान टिपून ठेवायचं आणि दर मंगळवारी बापू गमबूट घालून पाण्यात उतरायचा, एकेक यंत्र वर काढायचा, आठवड्याच्या नोंदी उतरवून घ्यायचा आणि ते परत ठेवायचा.

"एवढ्यासाठी पगार देतात?" सिस्टरबाईंनी एकदा विचारलं होतं.

तो खोकून म्हणाला होता, "हो." तिथे तो विषय मिटला होता.

लेक गेल्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात बापू उभा होता, तोही एका पायावर. दुसरा पाय त्याने बगळ्यासारखा वर धरला होता आणि एक हात टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर होता.

"सहा नंबरपाशी दगडावरून सटकलो," तो म्हणाला. खोकायचंही विसरला.

"बस इथे. पाय वर घे. बोटं हलव. इथे दुखतं? आणि इथे? ओरडू नकोस, मोडलेलं नाही काही." हे सगळं सिस्टरबाईंच्या तोंडून वॉर्डातल्या आवाजात बाहेर पडलं आणि त्या आवाजात 'तुम्ही' कधी नसायचंच. पट्टी बांधून होईपर्यंत ते दोघांच्याही ध्यानात आलं. पण आता मागे फिरून पुन्हा 'अहो बापू' म्हणणं अगदीच विचित्र दिसलं असतं, म्हणून ते तसंच राहिलं.

बापूचा जीव मात्र पायात नव्हता. "सात ते अकरा राहिलेत," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "महिनाअखेरीला बैठक आहे. एकही मंगळवार चुकता कामा नये, असं मोठ्या मॅडमनी बजावलंय. आणि ऑफिसातला जोडीदार रजेवर गेलाय."

"गमबूट कुठे आहेत तुझे?"

"कशाला?"

"लोणी लावून खायला," सिस्टरबाई म्हणाल्या. "दे इकडे."

तासाभराने नदीकाठचं दृश्य असं होतं: काठावर घडीच्या स्टुलावर बापू, पुढ्यात पालथी बादली आणि तिच्यावर त्याचा पांढरा पट्टीचा पाय. पाण्यात गुडघाभर सिस्टरबाई. वय एकसष्ट, पायात दोन मापं मोठे गमबूट, बुटांच्या टोकांत कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. पुलावरून जाणारे लोक थबकून खाली बघत होते.

"डावीकडे!" बापू ओरडला. "तुमच्या डावीकडे!"

"माझी डावी मला माहीत आहे! चौतीस वर्षं त्याच बाजूला इंजेक्शनं दिलीत!"

यंत्र बरोबर चाललंय की नाही हे पडताळायला सोबत हातातला थर्मामीटरही बुडवायचा असायचा. सिस्टरबाईंनी तो हातात घेतला आणि सवयीने मनगटाला असा काही झटका दिला, की काठावरचा बापू स्टुलावरून अर्धवट उठलाच.

"झटकू नका! इलेक्ट्रॉनिक आहे तो!"

अकरावं यंत्र झालं तेव्हा दुपार कलत आली होती. सिस्टरबाईंच्या बुटांत पाणी होतं, कमरेत कळ होती आणि निवृत्त झाल्यापासून इतकी भूक त्यांना कधी लागली नव्हती.

जेवताना त्यांनी विचारलं, "पण पाणी गरम की गार, याने नदीला काय फरक पडतो?"

आणि बापू बोलायला लागला. तासभर बोलत होता. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे धापा टाकायला लागतात, अंडी टिकत नाहीत. शहरातल्या नदीला उन्हाचा मारा जास्त, कारण काठावरची झाडं गेलेली आणि काठ सिमेंटचे झालेले. म्हणून काठांवर पुन्हा सावली आणायची. पण यंदा रोपं आहेत चारशेच, आणि ती एकाच टप्प्यात लावायची. नदी सगळ्यात जास्त जिथे तापते, तो टप्पा आधी. तेवढ्यासाठी हे सगळं मोजणं.

"मग कुठे तापते जास्त?"

"सात नंबरला. रुग्णालयामागच्या पादचारी पुलाखाली. सरासरी तिथलीच सगळ्यात वर आहे. पण ते यंत्र जरा तऱ्हेवाईक आहे. मध्येच उडी मारतं. पुलाच्या फटींतून ऊन पडत असणार त्याच्यावर. दोनदा बदलून पाहिलं, नवीनही तसंच वागतं."

"सरासरी?" सिस्टरबाईंचा घास हातातच राहिला. "अरे, आजाऱ्याच्या तापाची कुणी सरासरी काढतं का? सकाळी शंभर आणि संध्याकाळी एकशे तीन असेल, तर डॉक्टरला काय सांगायचं, सरासरी तीन डिग्री जास्त आहे?"

बापूने ऑफिसात छापलेले आकड्यांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीच्या जुन्या कपाटातून चौकटींचे कागद शोधून काढले, चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि सात नंबरचा आठवडा पंधरा-पंधरा मिनिटांच्या ठिपक्यांनी मांडायला बसल्या. रोजच्या तापाचे तक्ते त्यांनी हजारोंनी भरले होते. हात आपोआप चालत होता. बापू पाय उशीवर टाकून समोर बसून आकडे वाचून दाखवत होता. चहा दोनदा गार झाला.

तक्ता पुरा झाल्यावर त्यांनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि लांबून पाहिला.

"बघ," त्या म्हणाल्या. "रोज पावणेअकराला चढतो. पाच डिग्री. तासाभरात उतरतो. पुन्हा सव्वातीनला चढतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आणि रविवारी?"

रविवारची रेघ दुपारपर्यंत हळूहळू वर जाऊन संध्याकाळी तशीच हळू उतरली होती. उडी म्हणून नव्हती.

"ऊन रविवारी सुट्टी घेतं का रे?"

बापूचे कान लाल झाले. तो तक्त्याकडे बघतच राहिला. "मी आठवड्याची सरासरी बघत होतो," तो शेवटी म्हणाला. "प्रत्येक वेळी."

"बघू नकोस असं कोण म्हणतंय? पण रोजचं वेगळंही बघायचं."

गुरुवारी सकाळी साडेदहाला दोघं पादचारी पुलाखाली हजर होती. बापूच्या हातात काठी, सिस्टरबाईंच्या पायांत तेच बूट. काठाच्या भिंतीत गवताच्या आड एक पाइप होता, पाण्याच्या जरासा वर. दहा-पंधरा मिनिटं त्यातून काही आलं नाही. मग घशात अडकल्यासारखा आवाज झाला आणि फेसाळ पाण्याची धार पडायला लागली. सिस्टरबाईंनी बाही वर करून कोपर त्या पाण्याखाली धरलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं, आणि झटकन मागे घेतलं.

"कढत आहे," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांना वास आला. साधा, जाड, जरासा उग्र असा साबणाचा वास. चौतीस वर्षं रोज सकाळी चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून त्यांनी तोच वास घेतला होता. वर भिंतीपलीकडे रुग्णालयाची लाँड्री होती. तिथे सोमवार ते शनिवार दोन खेपा चालायच्या, सकाळची आणि दुपारची. त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

"काय झालं?" बापूने विचारलं.

"काही नाही. बूट चावतोय."

घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बापूला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. संध्याकाळी त्याने न सांगता भांडी घासून ठेवली.

लाँड्रीचा मुकादम हा सिस्टरबाईंचा मानलेला भाऊ. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले. सिस्टरबाईंचे यजमान गेले, तेव्हा पहिला धावून आलेला माणूस तो. लेकीच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिलेलाही तोच. अजून चार महिन्यांनी तोही निवृत्त होणार होता. अशा माणसाच्या नावाने जावयाच्या ऑफिसातून कागद जावा, हे त्यांना सोसणारं नव्हतं. आणि जाऊ नये म्हणून गप्प बसणं, तेही नव्हतं. म्हणून शुक्रवारी दुपारची खेप संपायच्या सुमाराला त्या स्वतःच लाँड्रीत गेल्या.

आत नेहमीसारखीच वाफ होती. मोठी यंत्रं घुमत होती. मुकादम टेबलापाशी चादरींच्या घड्या घालत होता.

"या सिस्टर!" तो ओरडला. "चादर पाहिजे का?" तीस वर्षांची चेष्टा होती ती. त्या कधीही आल्या तरी हेच.

"भाऊ, तुमचं पाणी कुठे जातं?"

"कुठलं पाणी?"

"धुण्याचं. गरम."

त्याने चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. दोन हात लागले, की घडी नीट बसते. "निवायच्या टाकीत जातं. तिथून गटाराच्या मोठ्या लाइनला. का?"

"नदीत जातंय. काल मी कोपर घालून बघितलं."

मुकादमाचे हात थांबले. मग त्याने चादर ताणली, जरा जास्तच जोरात. "तुमचे जावई नदीवर आहेत ना? तक्रार घेऊन आलात माझी?"

"तक्रार करायची असती तर तुमच्याकडे आले असते का? साहेबांकडे गेले असते."

 दोघांनी चादर दुमडली, एकमेकांकडे चालत आले, टोकं जुळवली, पुन्हा मागे सरकले. तिसऱ्या घडीला तो अचानक म्हणाला, "आठ वर्षांपूर्वी टाकी तुंबली होती. आठवतं? पाणी इथे घोट्यापर्यंत आलं होतं. मशीन बंद ठेवायची म्हणत होतो. तेव्हा फोनवर कोण ओरडत होतं, की शस्त्रक्रियेचे अकरा पेशंट उघड्या गादीवर आहेत, आणि तासाभरात चादरी आल्या नाहीत तर मी खाली येऊन तुम्हालाच पिळते?"

सिस्टरबाईंना आठवलं. शब्द अन् शब्द आठवला.

"त्या दिवशी पावसाच्या पाण्याच्या नळीला जोड मारला मी," मुकादम म्हणाला. "दोन दिवसांपुरता. मग टाकी साफ करायला माणूस आलाच नाही. मी दोनदा चिठ्ठी दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. पाणी तुंबत नव्हतं, चादरी वेळेवर जात होत्या. विसरून गेलो, सिस्टर. खरंच विसरलो."

"मग दोघांनी मिळून गरम केली म्हणायची नदी," सिस्टरबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्याने त्यांच्यासाठी चहा मागवला. दोघांनाही कधी हसू येत होतं, कधी वाईट वाटत होतं.

"आता निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागणार माझ्या मागे," तो म्हणाला.

"लागू दे. तुम्ही एकटे नाही जायचं साहेबांकडे. फोनवर ओरडणारी बाई बरोबर असेल."

शनिवारी सकाळी दोघं रुग्णालयाच्या साहेबांपुढे उभे राहिले. मुकादमाने सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि सिस्टरबाईंनी आपला वाटा सांगितला. साहेब तरुण होते. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्यांच्या नकला मागवल्या आणि आपल्याच खात्याच्या फायलीत त्या सापडल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चौकशी वगैरे काही झाली नाही. नळकाम करणारी माणसं सोमवारी आली, चार दिवस टाकीतला गाळ उपसत होती आणि शुक्रवारी तो 'दोन दिवसांचा' जोड तोडून भिंतीतला पाइप बुजवला गेला.

बापूला सिस्टरबाईंनी शनिवारीच सगळं सांगितलं होतं.

"मला गुरुवारीच का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, पण काहीतरी होतं.

"तू ते कागदावर लिहिलं असतंस."

"लिहावंच लागलं असतं," बापू म्हणाला. "पण दोन दिवस थांबलो असतो. तुमच्या लेकीचे मामा ते. माझेही मामेसासरे लागतात."

सिस्टरबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की लेकीने माणूस पारखून घेतला आहे.

पुढचे दोन मंगळवार दोघं जोडीने नदीवर गेली. बापूचा पाय आता टेकत होता, तरी पाण्यात सिस्टरबाईच उतरायच्या; तो नोंदी उतरवायचा. सात नंबरच्या उड्या नाहीशा झाल्या. रेघ अशी सरळ चालायला लागली, की सात नंबर थेट पाचव्या जागेवर घसरला. आता सगळ्यात वर होता चार नंबर: बस आगाराच्या मागचा, दोन्हीकडून सिमेंटच्या भिंतीत कोंडलेला, उथळ, झाड म्हणून नसलेला पट्टा. तिथे उडी-बिडी काही नव्हती. नुसतं ऊन. सकाळपासून पाणी तापत जायचं, ते सूर्य कलेपर्यंत.

महिनाअखेरीची बैठक वाचनालयाच्या सभागृहात होती आणि कुणालाही येऊन बसता येत होतं. सिस्टरबाई शेवटच्या रांगेत बसल्या. शेजारी मुकादम, इस्त्रीचा शर्ट घालून. पुढे टेबलाशी मोठ्या मॅडम, म्हणजे योजनेच्या मुख्य अभियंता. रोपं सात नंबरला लावायची हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. नकाशावर हिरवी पट्टी रंगवूनही झाली होती.

बापू उठला. खोकला. पुन्हा खोकला. सिस्टरबाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली.

"सात नंबरला झाडं लावून उपयोग झाला नसता," तो म्हणाला. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता, मग फुटला. त्याने दोन तक्ते भिंतीवर लावले, पाइप बुजवण्याआधीचा आणि नंतरचा. दोन्ही लाल पेनाने, हाताने काढलेले. "तिथलं पाणी उन्हाने नाही, कढत पाण्याने तापत होतं. सावलीने ते गार झालं नसतं. आता ते बंद झालंय. उन्हाने खरोखर तापतो तो चार नंबर. रोपं तिथे पाहिजेत."

मोठ्या मॅडम उठून तक्त्यांजवळ गेल्या. रविवारच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. "हे आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कुणी शोधलं? तू?"

"नाही," बापू म्हणाला. "माझ्या आईंनी. त्या मागे बसल्यात."

सगळ्या माना मागे वळल्या. सिस्टरबाई पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या आणि तो काही केल्या सापडेना. शेवटी मुकादमाने स्वतःचा काढून दिला. परीटघडीचा होता.

पंधरा दिवसांनी चार नंबरच्या काठावरची सिमेंटची फरशी फोडून खड्डे घेतले. चारशे रोपं लागली. शेवटची दहा मुकादमाने लावली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नदीचं एवढं देणं तर त्याच्याकडे निघतच होतं.

सहा महिने पुरे करून लेक परत आली, तेव्हा तिला वाटलं होतं, की आई आणि नवरा यांच्यात दुभाष्याचं काम पुन्हा आपल्यालाच करावं लागणार. पहिल्याच सकाळी ती उठून बाहेर आली, तर दोघं टेबलाशी चहा पीत तावातावाने भांडत होती. आठ नंबरला अर्धी डिग्री कमी का, यावर.

"तुम्ही यंत्र खोल ठेवलंत, आई. मी सांगत होतो."

"मी खुणेवरच ठेवलं. तुझी खूणच चुकली."

"चहा?" लेकीने विचारलं.

"घे ना किटलीतला," सिस्टरबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या.

त्या मंगळवारी लेकही बरोबर गेली. चार नंबरची रोपं आता हातभर झाली होती आणि त्यांच्या सावलीत फार तर एखादं मांजर बसलं असतं. लेकीने नवऱ्याला विचारलं, यांची सावली पाण्यावर कधी पडणार? तो म्हणाला, नीट जगली तर आठ-दहा वर्षांत.

सिस्टरबाईंनी मनात हिशेब केला. मग त्यांनी गमबूट चढवले. या खेपेला बोळे भरायची गरज नव्हती, बापूने त्यांच्या मापाचे नवे आणले होते. पाण्यात उतरून त्यांनी थर्मामीटर बुडवला.

"किती?" काठावरून बापूने विचारलं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "स्थिर होऊ दे त्याला."